विकत आणलेल्या फळांच्या बिया: कोणती वाळवायची, कोणती ओली पेरायची आणि फळाची आशा कुठे धरायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: ड्रॅगन फ्रूट, पॅशन फ्रूट, लिची, रामबुतान आणि किवी यांच्या बिया धुऊन आठवडाभर उन्हात वाळवल्या, मग कुंड्यांत दोन बोटे खोल पेरल्या. दीड महिना उलटला तरी एकही उगवली नाही. ॲव्होकॅडोची बी मात्र न वाळवता, काड्या टोचून पाण्याच्या ग्लासवर ठेवली होती. ती रुजली, रोप फूटभर झाले, पण आता पानांची टोके करपताहेत. चुकले कुठे, आणि या झाडांना फळे केव्हा येतील?

माती, खत किंवा कुंडी यांत दोष शोधू नका. पाच वेगवेगळ्या स्वभावाच्या बियांना एकच वागणूक मिळाली, हे खरे कारण. लक्षण एकच दिसते, ‘उगवले नाही’, पण लिची आणि रामबुतान वाळल्यामुळे मेल्या आहेत, ड्रॅगन फ्रूट खोल गाडले गेले आहे, किवीला थंडी मिळालेली नाही, आणि पॅशन फ्रूट बहुधा अजून जिवंत आहे.

बियांचे ढोबळ दोन गट पडतात. बियांचे अभ्यासक ई. एच. रॉबर्ट्स यांनी १९७३ मध्ये ही विभागणी मांडली आणि आजही ती रोजच्या कामात उपयोगी पडते. पहिल्या गटातील बी झाडावर पिकता पिकताच आपले बहुतेक पाणी सोडते आणि पेशी कोरड्या अवस्थेत टिकाव्यात म्हणून संरक्षक साखरा व प्रथिने साठवते. ती वाळवली तर झोपी जाते, मरत नाही. दुसऱ्या गटातील बी फळातून बाहेर पडते तेव्हा ओली आणि जागी असते. तिची वाढ आतल्या आत सुरूच असते, त्यामुळे पाणी कमी झाले की पेशींची पातळ आवरणे फाटतात आणि नंतर कितीही भिजवले तरी ती जोडली जात नाहीत. दोन टोकांमधले अंतर किती आहे पाहा: मृत समुद्राजवळच्या मसाडा किल्ल्याच्या उत्खननात सापडलेली सुमारे २,००० वर्षांपूर्वीची खजुराची बी सारा सॅलन आणि एलेन सोलोवे या संशोधकांनी २००५ मध्ये रुजवली. लिचीची बी गरातून काढून उघड्यावर ठेवली तर चार-पाच दिवसांत संपते.

ओळखायचे कसे? बी मोठी, जड, आतून गरदार आणि पातळ सालीची असेल तर ती ओलीच पेरायची. ॲव्होकॅडो, लिची, लोंगन, रामबुतान, मँगोस्टीन, ड्युरियन, लोकाट या सगळ्या याच गटातल्या. बी लहान, कडक आणि पुष्कळ संख्येने असेल तर ती बहुधा वाळवणे सोसते: ड्रॅगन फ्रूट, पॅशन फ्रूट, किवी, केप गूजबेरी. संत्रा-लिंबू वर्ग मधला आहे. थोडे कोरडे होणे चालते, खडखडीत वाळवणे नाही, म्हणून मी त्याही ओल्याच पेरतो. शंका असेल तिथे वाळवू नका. वाळवण सोसणारी बी ओली पेरली तर सहसा काही बिघडत नाही, उलट केले तर बी जाते. आणि उन्हात तर कोणतीच बी वाळवू नये. वाळवायचीच असेल तर सावलीत, कागदावर, वाऱ्याला.

काही गोष्टी तुमच्या हातात नसतात, त्या आधीच सांगतो. रामबुतान आणि मँगोस्टीनसारखे उष्ण प्रदेशातले फळ फार गार जागी बरेच दिवस राहिले असेल, तर गर चांगला असूनही बी मेलेली असू शकते. देशोदेशी पाठवल्या जाणाऱ्या काही फळांवर किडी मारण्यासाठी विकिरणाची प्रक्रिया केलेली असते. अशी बी कधी कधी फुगते, मोड दाखवते आणि तिथेच थांबते. फळ कच्चे तोडून नंतर पिकवले असेल तर बी अर्धवट भरलेली निघते. म्हणून एकाच फळाच्या बियांवर विसंबू नका. दोन-तीन वेगवेगळ्या वेळी आणलेल्या फळांच्या बिया लावा, आणि फळ पूर्ण पिकू द्या.

आता एकेक फळ.

लिची आणि रामबुतानच्या कुंड्या रिकाम्या करा, तिथे वाट पाहण्यात अर्थ नाही. पुढच्या वेळी फळ खाल्ल्या दिवशीच बी लावा. लिचीत टपोरी, चकचकीत तपकिरी बी निवडा. काही जातींत बी चपटी, सुरकुतलेली, जेमतेम काडीएवढी असते. ती वाढ खुंटलेली असते आणि रुजत नाही. बी धुवा, दोन-तीन सेंटिमीटर खोल आडवी ठेवा, २५ ते ३० अंश सेल्सिअसच्या आसपास उबदार जागा द्या. लिची एक ते तीन आठवड्यांत वर येते. रामबुतानच्या बीला गर घट्ट चिकटलेला असतो, तो सुरीने खरवडून आणि कोरड्या फडक्याने चोळून काढा, नाहीतर आठवड्यात बुरशी धरते. दोघांचाही एक त्रास सारखा आहे. रोप १५-२० सेंटिमीटर होते, मग कित्येक आठवडे हलतच नाही. ही सवयच आहे. या काळात मातीत मुळे वाढत असतात, आणि ‘वाढत नाही’ म्हणून खत दिले की क्षारांनी कोवळी मुळे जळतात. पहिले तीन-चार महिने खत देऊ नका, माती किंचित आम्ल ठेवा, दुपारच्या उन्हापासून जपा.

ड्रॅगन फ्रूटच्या बीला रुजायला उजेड लागतो. दोन बोटे खोल ती उठणार नाही, आणि उठली तरी मोहरीएवढ्या बीत तेवढी माती फोडून वर यायची ताकद नसते. नव्याने लावा. चमचाभर गर बारीक चाळणीत घेऊन पाण्याखाली चोळा. बीभोवतीचा बुळबुळीत थर पूर्ण निघत नाही, म्हणून बिया कागदी रुमालावर पसरून एक दिवस सावलीत ठेवा आणि मग घासून सुट्या करा. उथळ डब्यात ओलसर मिश्रण (कृती पुढे दिली आहे) भरून वर २०-३० बिया पसरा, बोटाने हलके दाबा, माती टाकू नका. पारदर्शक झाकण लावून उजेडात, पण थेट ऊन नसेल तिथे ठेवा. एक-दोन आठवड्यांत दोन जाडसर दले दिसतात आणि नंतर त्यांच्यामध्ये काटेरी बोंडासारखा निवडुंग उगवतो. पाणी वरून ओतू नका, डबा पाण्याच्या ताटलीत ठेवून खालून शोषू द्या. महिन्याभराने झाकण रोज थोडे थोडे उघडे ठेवत जा. एकदम काढले तर रोपे एका दुपारीत सुकतात.

किवीची कुंडी फेकू नका, पण तशीच ठेवूनही उपयोग नाही. तिच्या बीला ओल्या अवस्थेत थंडी लागते. हिवाळा उलटल्याची खूण पटल्याशिवाय ती नीट उगवत नाही. कुंडी लहान असेल तर ओलसर करून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि फ्रिजमध्ये ४-५ अंशांवर चार ते सहा आठवडे ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नव्हे. मोठी असेल तर नव्या बिया ओलसर कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा) मिसळून छोट्या पिशवीत तसेच करा. मग २०-२५ अंशांच्या जागी तीन मिलिमीटर खोल पेरा. माझे स्पष्ट मत असे की जिथे हिवाळ्यात तापमान शेकडो तास ७ अंशांखाली राहत नाही, तिथे किवी फळासाठी लावू नये. तिथे ती फक्त पानांचा वेल राहते.

पॅशन फ्रूट सगळ्यात आशादायक आहे. ताजी बी दोन ते चार आठवड्यांत उगवते, वाळलेली दोन-तीन महिने घेते, कधी त्याहून जास्त. तेव्हा कुंडीत ओल टिकवा, जागा उबदार ठेवा आणि थांबा. नव्याने करणार असाल तर साल सुरकुतलेले, जड फळ घ्या. गर बियांसह वाटीत काढून थोडे पाणी घाला आणि दोन-तीन दिवस झाकून आंबू द्या. बीभोवतीची रसाची पिशवी उगवण लांबवते, आंबल्यावर ती चोळताच सुटते. धुऊन लगेच एक सेंटिमीटर खोल पेरा.

ॲव्होकॅडोबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तिथे तुमच्याकडे जिवंत रोप आहे. ग्लासावरची पद्धत चालते, पण पाण्यात वाढलेली मुळे मातीतल्या मुळांपेक्षा नाजूक आणि ठिसूळ असतात. जितका उशीर कराल तितका मातीत जाताना धक्का मोठा. मूळ ८-१० सेंटिमीटर झाले की कुंडीत घ्यायचे असते. तुमचे रोप फूटभर झाले आहे, म्हणजे आता घाई करा. कुंडी १५ सेंटिमीटर रुंद आणि किमान २०-२५ सेंटिमीटर खोल हवी, कारण सोटमूळ खाली जाते. बी वरचा अर्धा भाग उघडा राहील अशी बसवा. पूर्ण गाडली तर खोडाशी ओल साचून कुजते.

पानांची टोके करपण्याचे सर्वांत नेहमीचे कारण क्षार, विशेषतः क्लोराइड. हे झाड क्षारांच्या बाबतीत फळझाडांमधल्या सर्वांत हळव्या झाडांपैकी आहे. पाण्यातून आलेले क्षार पानांच्या टोकांशी साचतात, टोक आधी तपकिरी होते, मग कडेने खाली उतरत जाते. ग्लासात हे लवकर होते, कारण पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात आणि आपण वरून तेच पाणी पुन्हा भरतो. पावसाचे किंवा गाळणयंत्राचे क्षार काढलेले पाणी वापरा. कुंडीत घेतल्यावर प्रत्येक वेळी थोडे पाणी खालून वाहून जाईल इतके द्या, म्हणजे क्षार धुतले जातील, आणि ताटलीत साचलेले पाणी ओतून टाका. करपलेला भाग पुन्हा हिरवा होत नाही. नवी पाने कशी येतात त्यावरून सुधारणा ओळखा. करपलेल्या झाडाला खत देणे म्हणजे क्षारांत भर घालणे, तेव्हा दोन-तीन नवी निरोगी पाने येईपर्यंत थांबा. पान टोकाला नव्हे तर सगळेच फिके पडून लोंबत असेल आणि माती ओली असेल, तर दुखणे वेगळे आहे. ती फायटोफ्थोरा बुरशीची मूळकूज असते, आणि तिथे पाणी वाढवले की रोप जाते. ती टाळण्यासाठी रोपवाटिकेत बी ४९-५० अंश तापमानाच्या पाण्यात अर्धा तास ठेवतात. घरी तापमापी असेल तरच हे करा. दोन-चार अंश वर गेले तर बीच शिजते.

पुढची ॲव्होकॅडो थेट मिश्रणातच लावा. तपकिरी साल सोलून काढा, निमुळत्या टोकाची आणि बुडाची अगदी पातळ चकती कापा, सपाट बाजू खाली ठेवा. पाणी आत जायला वाट मिळते आणि उगवण काही आठवड्यांनी लवकर होते. चकती जाड कापू नका, कोंब दोन दलांच्या मध्ये बुडाशी असतो.

मिश्रणाबद्दल तुम्ही विचारले नाही, पण बहुतेक रोपे उगवल्यानंतर तिथेच जातात. दोन भाग कोकोपीट आणि एक भाग परलाइट (हलके, पांढरे खडे) किंवा जाड वाळू एवढेच पुरे. कोकोपीट आधी दोन-तीन पाण्यांनी धुवा, त्यात मीठ असू शकते. बी रुजवताना शेणखत, गांडूळखत घालू नका. बीत स्वतःची शिदोरी असते. खताने मिळते ती बुरशीला. बुडाशी खोड आकुंचन पावून रोप आडवे पडले, तर ती कोलमड आहे. पिथियम, रायझोक्टोनिया अशा बुरशींमुळे ती होते आणि पडलेले रोप वाचत नाही. बाकीची वाचवायची असतील तर झाकण काढा, वारा द्या, वरचा थर कोरडा होईपर्यंत पाणी थांबवा. हे होण्याची कारणे तीन: बीला चिकटून राहिलेला गोड गर, सतत चिंब मिश्रण आणि कोंदट झाकण. यातले पहिले टाळले तरी अर्धे काम होते. म्हणून बी धुण्यात कंजूषी करू नका.

राहिला फळांचा प्रश्न, आणि इथे तुम्हाला खोटी आशा द्यायची नाही.

दुकानातले फळ ज्या जातीचे असते, ती जात बीतून सहसा उतरत नाही. बी हे दोन पालकांचे नवे अपत्य असते. जगभर विकली जाणारी हास ॲव्होकॅडो रुडॉल्फ हास यांनी कॅलिफोर्नियात लावलेल्या एका बीपासून आली. १९३५ मध्ये तिचे पेटंट घेतले गेले, आणि आज जी हासची झाडे आहेत ती सगळी त्या एका झाडाची कलमावर कलम करत आलेली आहेत. हासच्या बीतून हास नव्हे, तिचे कुठलेतरी मूल येते. ते चांगले निघू शकते, बेचव किंवा रेषाळही निघू शकते. शिवाय रोपाला बालपण असते, आणि ते संपेपर्यंत फुले येत नाहीत. ॲव्होकॅडोत ते पाच वर्षांपासून दहा-बारा वर्षांपर्यंत, लिचीत बहुधा दहाच्या वर, ड्रॅगन फ्रूटमध्ये चार ते सात वर्षे. ड्रॅगन फ्रूटचे फांटे लावले तर फळ एक-दोन वर्षांत येते, म्हणून फळ हवे असणाऱ्याला मी त्याची बी कधीच सुचवत नाही. निवडुंगाचे बाळ वाढताना पाहायचे असेल तर मात्र जरूर लावा, ते फार देखणे असते.

त्यातही लिंगाचा प्रश्न आहे. किवीत नर आणि मादी वेली वेगळ्या असतात, बीपासून आलेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास नर निघतात, आणि फूल येईपर्यंत कळत नाही. रामबुतानमध्येही बरीच रोपे नर निघतात. ॲव्होकॅडोचे फूल दोनदा उमलते, एकदा मादी म्हणून, दुसऱ्यांदा नर म्हणून. काही झाडे सकाळी मादी असतात, काही दुपारी. त्यामुळे एकटे झाड फळ धरते, पण कमी. ड्रॅगन फ्रूटच्या लाल गराच्या पुष्कळ जाती स्वतःच्या परागाने फळत नाहीत, पांढऱ्या गराच्या बहुधा फळतात.

बीतून आईची जात उतरत नाही, याला दोन चांगले अपवाद आहेत. मँगोस्टीनची बी परागीभवनाशिवाय आईच्याच पेशींतून बनते, म्हणून रोप आईसारखेच येते. फक्त आठ-दहा वर्षांचा धीर आणि सतत दमट, उबदार हवा हवी. संत्र्याच्या वर्गातही अनेक जातींच्या एका बीतून दोन-तीन कोंब येतात, त्यांतले बहुतेक आईची प्रतिकृती असतात. पपनीस मात्र तसे नाही, तिथे एकच संकरित कोंब येतो.

पॅशन फ्रूटमध्ये तर बी फांट्याहून सरस ठरते. पिवळ्या जातीला फळासाठी आपल्याहून वेगळ्या वेलीचा पराग लागतो. एकाच वेलीच्या दोन फांट्यांत तो मिळत नाही, कारण ती दोन्ही एकच वेल. बीपासूनची तीन-चार रोपे मात्र एकमेकांहून वेगळी असतात. जांभळी जात एकटीही फळते. दोन्हींत ऊन आणि आधार नीट मिळाला तर साधारण वर्ष-दीड वर्षात फळ हाती येते. पहिल्यांदाच बीपासून फळ खायचे असेल तर हीच निवडा, किंवा केप गूजबेरी, जी पेरल्या वर्षीच फळते.

ॲव्होकॅडोच्या रोपाला मी खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधायचे ते खालचे रोप, समजतो. शेंडा खुडून ते झुडपी करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. घरात पानांसाठी ठेवायचे असेल तर तो बरोबर आहे, ३० सेंटिमीटरला अर्धे करा. फळ हवे असेल तर शेंडा खुडू नका, एकच सरळ खोड वाढू द्या. ते पेन्सिलीएवढे जाड झाले की, फळ देणाऱ्या ओळखीच्या झाडावरची तेवढ्याच जाडीची, डोळे फुगलेली पण न उमललेली काडी आणून पाचर कलम बांधा. खुंट जमिनीपासून १५-२० सेंटिमीटरवर आडवा कापा, मधोमध तीन सेंटिमीटर चीर द्या, काडीचे टोक दोन्ही बाजूंनी तासून पाचर करा आणि निदान एका बाजूला साल सालीला भिडेल अशी बसवा. पट्टीने घट्ट बांधून वर छोटी प्लास्टिक पिशवी उपडी घाला आणि सावलीत ठेवा. काडी प्रौढ झाडाची असल्याने ती आपले बालपण पुन्हा काढत नाही, आणि फळ साधारण तीन-चार वर्षांत येऊ शकते. तीन ते पाच आठवड्यांत डोळे फुटले की पिशवी हळूहळू सैल करा. जोडाखालून येणारी फूट दिसताच खुडा. ती वाढू दिली तर सगळा रस तिकडे जातो, काडी वाळते आणि कुंडीत पुन्हा बीचेच झाड उरते.